हिरुमा सेन्सेईंच्या शेजारची खुर्ची

९ सप्टेंबर १९३५, सोमवार

वही नवी आहे. पहिल्या पानावर खाडाखोड नको म्हणून हे आधी रद्दी कागदावर लिहिले आणि मग उतरवले.

वही सुरू करायचे कारण समीक्षक हिरुमा सेन्सेईंचा लेख. ‘शिराकाबे’ या सिनेमाच्या मासिकात मी मुद्रितशोधक आहे, त्याला डिसेंबरात चार वर्षे होतील. शाळा सहावीनंतर सुटली. पुढची सगळी अक्षरे त्सुकिजीच्या छापखान्यात खिळे जुळवताना शिकलो. सेन्सेईंचे हस्ताक्षर तर मी अंधारातही ओळखीन: बारीक, उजवीकडे झुकलेले, समासात कधीही न घुसणारे. जुलैपासून येणारे लेख त्या हातचे नाहीत, आजचाही नाही. गोल, मोठी, बायकी अक्षरे आहेत. आज लेख घेऊन त्यांच्या पत्नी किनु-सान स्वतः आल्या होत्या.

“मनगट दुखतंय त्यांचं,” त्या म्हणाल्या. “ते सांगतात, मी लिहिते.”

मी कोणते मनगट म्हणून विचारले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “उजवं.” हा क्षण मला खटकला.

लेखातला मजकूर तर त्याहून खटकला. मिसोनो स्टुडिओच्या नव्या बोलपटाची स्तुती. गेली चौदा वर्षे सेन्सेई एकच गोष्ट लिहीत आले आहेत: सिनेमा पाहायचा असतो, ऐकायचा नसतो. पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा बेन्शी म्हणजे ‘चित्रासमोर गाडलेला खांब’, हे वाक्य त्यांचेच. त्यांच्या लिहिण्यामुळे दिग्दर्शकांनी बायकांच्या भूमिकांतले पुरुष काढले, दृश्यांमधल्या लेखी पाट्या कमी केल्या, चेहरा जवळून दाखवायला सुरुवात केली. आणि आता हेच गृहस्थ लिहितात की जिन्यावरच्या पावलांनी त्यांना रडू आले.

घरी दादाला वाचून दाखवले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कुरामोचि राइसेन. आसाकुसाच्या थिएटरात बेन्शी होता. बोलपट आले आणि तीन वर्षांपूर्वी थिएटरने त्याला घरी बसवले.

“बोलपट आला नव्हता तेव्हापासून हा माणूस माझ्या भातात माती कालवतोय,” दादा म्हणाला. “आता त्याला आवाज आवडायला लागला? उशीर केला रे.”

२० सप्टेंबर, शुक्रवार

मिसोनोत खासगी खेळ होता. समीक्षकांना चित्रपट आधी दाखवतात तेव्हा नटांची नावे उतरवून घ्यायला संपादक ओगिता-सान मला पाठवतात.

सेन्सेईंची जागा तिसऱ्या रांगेत मध्यभागी. गेल्या चार वर्षांत ती कधी बदललेली पाहिली नाही. आज ते दिवे गेल्यावर आले, किनु-सानच्या बाहीला धरून, आणि शेवटच्या रांगेत कडेला बसले. खेळ संपल्यावर मला जवळ बोलावले.

“तेइजी, शेवटी ती बाई खिडकीशी उभी राहते. बाहेर बघते की खोलीत?”

“बाहेर, सेन्सेई. पण बोटं पडद्याच्या काठावर आहेत. तो मुठीत धरलाय तिनं.”

“असं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “तुझा भाऊ बेन्शी होता ना? हल्ली काय करतो?”

मी “काही नाही” म्हणालो. चौदा वर्षे बेन्शींच्या मुळावर उठलेल्या माणसाला आता त्यांची विचारपूस कशाला हवी?

१४ ऑक्टोबर, सोमवार

अंक छापून आला. सेन्सेईंच्या लेखाचे शेवटचे वाक्य: ‘ती बाहेर पाहते, पण खोली तिच्या मुठीत आहे.’

मुठीची गोष्ट मी सांगितली होती. मी ‘शिराकाबे’च्या वाचक-स्तंभाला टोपणनावाने पाच टिपणे पाठवली आणि पाचही परत आली. माझे पाहणे त्यांच्या नावाखाली मात्र लगेच छापले जाते. सेन्सेई झोपले होते की काय त्या वेळी? की चित्रपट पाहिलाच नाही, आणि लेख आधीच ठरलेला होता?

ओगिता-सानना हळूच म्हटले, “सेन्सेई हल्ली मिसोनोवर फार लिहितात.”

“तू मासिकात आहेस की चौकीत?” ते म्हणाले. “मिसोनो सगळ्यात जास्त चित्रपट काढते, म्हणून लिहितात. जा, चित्रपटांच्या सूचीतले आकडे बघ.”

१९ ऑक्टोबर, शनिवार

आकडे पाहिले, पण दुसरे. सेन्सेईंचे या वर्षीचे सगळे लेख काढून बसलो.

जानेवारी ते जून, अकरा लेख. ‘उजेड’, ‘सावली’ आणि ‘चेहरा’ हे शब्द मिळून त्रेसष्ट वेळा.

जुलैपासून आजपर्यंत, नऊ लेख. ‘उजेड’, ‘सावली’ एकदाही नाहीत. ‘चेहरा’ दोनदा. ‘पाऊल’, ‘दार’, ‘पाऊस’, ‘श्वास’ मिळून अठ्ठावन्न वेळा. आणि जूननंतर त्यांनी एकाही मूकपटावर लिहिलेले नाही, मूकपट अजून निघत असताना.

दोनदा मोजले. माणसाचे मत बदलू शकते हे मान्य. पण मत असे एका महिन्यात, पाण्याचा नळ बंद करावा तसे बदलत नाही. कुणीतरी नळ फिरवला आहे, आणि बोलपटांवर पैसा ओतणाऱ्या मिसोनोशिवाय तो कोण फिरवणार?

६ नोव्हेंबर, बुधवार

अक्षर बिघडते आहे, तरी आजच लिहायला हवे.

मिसोनोत पुन्हा खासगी खेळ. सेन्सेई शेवटच्या रांगेत, चौदाव्या खुर्चीवर. दिवे गेल्यावर पंधराव्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसले. मी मुद्दाम दोन रांगा पुढे बसलो होतो. मागून सारखी कुजबुज चालू होती. शब्द कळत नव्हते, पण वाक्याच्या शेवटी आवाज थोडा लांबवायची, मग एकदम सोडून द्यायची जी पद्धत होती, ती मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. दिवे लागण्याआधीच तो माणूस उठून गेला. दारातून जाताना मला फक्त कोटाची पाठ दिसली.

घरी आलो तर तोच कोट खुंटीला.

“कुठं होतास, दादा?”

“कामावर.”

“कसलं काम?”

“बसायचं काम.” तो मुळ्याच्या लोणच्याचे काप करत होता. “खुर्ची असते, मी बसतो. तू कशाला तोंड पाडलंयस? घरात भात येतोय तो गोड लागत नाही का?”

“कुणाकडून येतोय?”

“तेइ, लहानपणी तू अंडं उकडलं की टरफलाची दोन्ही टोकं तपासायचास. अजून तसाच आहेस.”

आता सगळे जुळते. मिसोनोला सेन्सेईंकडे उघड जाता येत नाही, म्हणून मधे एक माणूस हवा. बेकार बेन्शीवर कोण संशय घेणार? आणि सेन्सेईंनी सप्टेंबरात दादाची चौकशी केली होती ती यासाठीच. मीच त्यांना माझा भाऊ दाखवून दिला.

५ डिसेंबर, गुरुवार

मिसोनोचा दिग्दर्शक कात्सुराय याचा नवा बोलपट पाहिला. सुरुवातीला पुरे एक मिनिट रिकामा बोळ. माणूस नाही. फक्त लाकडी खडावांचा आवाज जवळ येत जातो, थांबतो, परत फिरतो. शेजारी बसलेले एक बुजुर्ग समीक्षक श्वास धरून होते. खरे सांगायचे तर मीसुद्धा.

पण ऑक्टोबरच्या अंकात सेन्सेईंनी काय लिहिले होते? ‘माणूस दिसण्याआधी ऐकू आला, तर प्रेक्षक त्याला स्वतःच घडवतो.’ कात्सुरायने तेच, शब्दशः केले. समीक्षक लिहितो आणि दोन महिन्यांत दिग्दर्शक त्याबरहुकूम चित्र काढतो, हे ठरवल्याशिवाय होते का? दोघे एका ताटात जेवत असणार.

दिवे लागल्यावर कात्सुराय स्वतः मागे गेला आणि सेन्सेईंपुढे वाकला. सेन्सेई त्याच्याकडे न बघता, त्याच्या खांद्यापलीकडे बघत हसले. इतका उर्मटपणा मी त्यांच्यात पूर्वी पाहिला नव्हता.

१२ डिसेंबर, गुरुवार

पुरावा मिळाला.

वर्षअखेरीला स्टुडिओ प्रत्येक समीक्षकाच्या घरी खारवलेला साल्मन पाठवतात. सेन्सेई तो दरवर्षी परत करतात. सोबत स्वहस्ते चिठ्ठी असते: ‘मासा उत्तम आहे, म्हणूनच परत.’ ती चिठ्ठी या धंद्यात प्रसिद्ध आहे. या वर्षी परत गेला नाही. कारण तो आमच्या घरी आला. दादा बगलेत धरून घेऊन आला, वेष्टनावर मिसोनोचा शिक्का तसाच.

“म्हाताऱ्यानं दिला,” तो म्हणाला. पहिल्यांदाच कबूल केले. “म्हणाला, परत करायचा तर चिठ्ठी लिहायला हवी, आणि चिठ्ठी बायकोच्या हातची गेली तर लोक विचारतील. त्यापेक्षा तू खा.”

“लोक काय विचारतील?”

दादाने मासा खाली ठेवला. “मी शब्द दिलाय, तेइ. तुझ्यासमोर रोज त्याचे कागद येतात. तुला काही दिसत नसेल तर मी काय सांगू?”

म्हणजे सगळ्यांना दिसते आहे आणि मला एकट्याला मूर्ख समजतात. मी दोन तुकडे खाल्ले. मासा चांगला होता. त्याचा राग आणखी आला.

१५ डिसेंबर, रविवार

दुसऱ्या एका सिनेमा-मासिकाच्या वाचक-स्तंभाला पत्र लिहिले. सही ‘एक प्रेक्षक’. त्यात मोजलेले शब्द, खुर्चीचा क्रमांक, कुजबुजणारा माणूस, साल्मन. दादाचे नाव घातले नाही, ‘एक माजी बेन्शी’ एवढेच. चार वेळा उतरवून काढले. कोणावर खोटा आरोप होऊ नये म्हणून शेवटी लिहिले: ‘याचा अर्थ वाचकांनी लावावा.’

पेटीत टाकताना हात आत गेला तो लवकर बाहेर येईना. जानेवारीत वर्षातल्या दहा उत्तम चित्रपटांसाठी समीक्षकांची मते मागवतात. सेन्सेईंच्या मताला सगळ्यात मोठे वजन. विकलेले मत त्या यादीत जाऊ नये एवढेच मला हवे आहे. मला त्यांचे वाईट व्हायला नको आहे.

७ जानेवारी १९३६, मंगळवार

छापले. एकही शब्द न गाळता, चौकटीत.

आधी आनंद झाला, हे लिहून ठेवतो. सहाव्या खेपेला छापला गेलो. विश्रांतीच्या खोलीत जाऊन तीनदा वाचले.

मग ओगिता-सान आले. टेबलावर अंक आपटला नाही, हळूच ठेवला. ते जास्त वाईट होते. “सकाळपासून चार समीक्षकांनी कळवलंय. हिरुमांचं मत यादीत धरलं तर ते आपली मतं मागे घेणार. चौदा वर्षं, तेइजी. या माणसानं चौदा वर्षांत कुणाचा चहासुद्धा घेतला नाही.”

“मग साल्मन?” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सूचीतले आकडे तपासू लागलो.

संध्याकाळपर्यंत त्यांनी ठरवले. सोळा तारखेला सगळे समीक्षक एकत्र एक चित्रपट पाहतील आणि लगेच बोलतील. चित्रपट क्योतोच्या एका कंपनीचा, मूकपट, बेन्शीशिवाय. “मिसोनोचा संबंध नाही, आवाजाचा संबंध नाही. हिरुमांनी पूर्वीसारखं बोलावं, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद.” अशा चर्चेचे टिपण मी घेतो. प्रथेप्रमाणे बोलणाऱ्यांकडे ते दुरुस्तीला जाते आणि तिथे सगळे जण बोलले त्याहून शहाणे होतात. या वेळी कुणालाही दुरुस्ती नाही. जे बोलले ते छापायचे.

घरी दादा अंक वाचत बसला होता. डोके वर न काढता म्हणाला, “खुर्चीचा नंबर बरोबर आहे. चौदा.”

एवढेच. मग तो एकही शब्द बोलला नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

क्रमाने लिहितो.

दुपारी दोन वाजता, छोट्या प्रदर्शन-खोलीत, नऊ समीक्षक. सेन्सेई दिवे असतानाच आले. एका बाजूला किनु-सान, दुसऱ्या बाजूला दादा. दादाने आसाकुसातला जुना काळा पोशाख घातला होता. मी पेन्सिली टोकदार करून बसलो होतो.

“ओगिता,” सेन्सेई म्हणाले, “एक विनंती आहे. या चित्रपटाला मला बेन्शी हवा.”

कुणीतरी हसले. त्यांना वाटले पत्रावर टोमणा आहे.

“मागायचा अधिकार मला नाही, ते ठाऊक आहे. पण जूनपासून मला पडदा दिसत नाही. डावा डोळा गेला. उजव्यात दिवा लागला की विझला एवढं कळतं. कुरामोचि-सान माझ्या कानात सांगतात, त्यावर मी लिहितो. बोलपटात थोडं माझं मलाही सापडतं. मूकपटात काही सापडत नाही, म्हणून त्यावर लिहिलं नाही. पत्रलेखकानं सगळं बरोबर मोजलंय.”

हे लिहिताना माझी पेन्सिल मोडली. दुसरी घेतली.

“आधी सांगायला हवं होतं,” ते पुढे म्हणाले. “सांगितलं असतं तर तुम्ही मला बोलावणं बंद केलं असतं. ती भीती होती. आता सुरू करा.”

दिवे गेले. दादा पडद्याच्या डाव्या बाजूला उभा राहिला. तीन वर्षे तो घरात ज्या आवाजात बोलत होता तो त्याचा आवाजच नव्हता, हे मला आज कळले. नदीकाठी दोन बहिणी, एकीचे लग्न ठरते, एवढीच गोष्ट. त्याने ती खोलीच्या भिंतींना लागेल अशी सांगितली. पूर्वी बेन्शी चित्रावर कुरघोडी करायचे. आज दादा आधी बघायचा, थांबायचा आणि मगच बोलायचा. काही ठिकाणी तो बोललाच नाही. कुणी खोकले नाही.

दिवे लागल्यावर सेन्सेई पहिले बोलले.

“धाकटी बहीण पुलावर रडते, असं कुरामोचि-साननी सांगितलं. ती रडत नसणार. यांचा आवाज भरून आला की मी चार आणे वजा करतो.”

सगळे दादाकडे बघू लागले.

“रडत नाही,” दादा म्हणाला. “नाक ओढते. थंडी आहे तिथं. पण मला राहवलं नाही.”

मग पुष्कळ बोलणे झाले, ते टिपणात आहे. शेवटी सेन्सेईंनी सांगितले की या वर्षी ते मत देणार नाहीत, आणि ‘शिराकाबे’तले सदरही या महिन्यात संपवावे. ओगिता-साननी थांबवायचा प्रयत्न केला. बाकीच्यांनी केला नाही. ज्या चौघांनी कळवले होते ते सेन्सेईंच्या खडावा दारात नीट जुळवून ठेवू लागले.

टिपण ठरल्याप्रमाणे विनादुरुस्ती जाईल. मी रात्री ते तपासले. माझ्या हाताखालून कधीच इतके निर्दोष टिपण गेले नव्हते. आणि मी ‘विकलेले मत’ हे शब्द ज्या हाताने लिहिले तो हाच.

२५ जानेवारी, शनिवार

दादा आकिताला चालला. तिकडे बर्फातल्या गावांतून एक फिरता सिनेमा हिंडतो, अजून मूकपट दाखवतो. सोळा तारखेची बातमी कुणाकडून तरी तिथे पोहोचली आणि बोलावणे आले.

उएनो स्टेशनवर मी त्याची वळकटी धरून उभा होतो. अठरा दिवसांनी तो माझ्याशी बोलला.

“पत्र चांगलं लिहिलंयस. पाच टिपणं परत आली, ती यापेक्षा वाईट असतील असं नाही. ती कुणाच्या मुळावर नव्हती, म्हणून परत आली.”

“दादा, मला ठाऊक नव्हतं.”

“तुला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं असं मी म्हणत नाही. तू टरफलाची दोन्ही टोकं बघितलीस, आतलं अंडं नाही, एवढंच म्हणतो.” त्याने वळकटी घेतली. “म्हातारा आता दर रविवारी घरात बसेल. किनु-सानला पडद्यावरचं सांगता येत नाही. त्या नटीचा किमोनो कुठल्या दुकानातला ते सांगतात.”

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सेन्सेईंच्या घरी गेलो. रस्त्यात बर्फ होते. बोलायचे ते पाठ करून गेलो होतो, पण दारातच “ते पत्र माझं,” एवढेच आले.

“वाचून घेतलं तेव्हा तिसऱ्या ओळीला कळलं,” सेन्सेई आतून म्हणाले. “त्रेसष्ट आणि अठ्ठावन्न. माझं लिखाण इतकं बारकाईनं आमच्या हिनंही कधी वाचलं नाही.”

“मी लिहिते, वाचत नाही,” किनु-सान म्हणाल्या. त्यांनी मला चहा दिला, पण माझ्याकडे पाहिले नाही. मला ते योग्य वाटले.

मी चुकलो असे म्हणालो. सेन्सेई म्हणाले, “मीही लपवलंच. त्याचं काय करायचं ते नंतर बघू. दुपारी मोकळा आहेस का?”

कोपऱ्यावरच्या थिएटरात गेलो. साधी तिकिटे, साधा खेळ, कुणी ओळखणारे नाही. ते सदर लिहिणार नव्हते, यादीत मत देणार नव्हते, तरी अंगावर चांगला कोट घालून आले होते. शेवटची रांग. पहिल्यांदाच मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. दिवे गेले. काय सांगायचे आणि कुठून, काही कळेना.

“बोल,” ते म्हणाले.

“घर आहे. एक माणूस आत आलाय.” मी कुजबुजलो. पुढच्या बाईने मागे वळून पाहिले. मी आवाज आणखी खाली आणला. “त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, सेन्सेई. चेहऱ्यावरूनच कळतं.”

“ते राहू दे,” ते म्हणाले. “दार कुठल्या हातानं उघडलं?”

मी पडद्याकडे पाहिले. दार केव्हाच लागले होते.